चाळीतला देव, पुलाचा दगड

गुरुजी, पूर ओसरल्यावर त्या सकाळी मी आपल्या जुन्या पुलाखाली उतरलो होतो. रजेवर गावी आलो होतो, अंघोळीला नदीवर गेलो आणि वाळूत तो दगड उभा दिसला. काळा, तीन धारांचा, वर निमुळता होत गेलेला, एका अंगावर छिन्नीने कोरलेला त्रिशूळ. मी ओंजळीने त्याच्यावर पाणी घातलं, हात जोडले. मग मान वर केली, तर मधल्या खांबाच्या टोकाला खाच पडलेली. दगड कुठला ते मला तिथेच कळलं होतं, हे आधी सांगून टाकतो.

न कळायला काय झालं? चौथीच्या वर्गाला तुम्ही त्याच वाळूत बसवायचात. पूल कोणी बांधला, असं तुम्ही विचारलंत आणि एकाने ‘पांडवांनी, एका रात्रीत’ म्हटलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, “वनवासात ते गवंडीकाम करत होते काय रे?” वर्ग खो खो हसला. निजामशाहीतला असेल, त्याच्याही आधीचा असेल, मला ठाऊक नाही, असं तुम्ही सरळ सांगायचात. कमान कशी उभी राहते ते दाखवायला दोघांना समोरासमोर उभं करून तळव्याला तळवा टेकवायला लावायचात आणि तिसऱ्याला वरून दाबायला सांगायचात. खांबाला प्रवाहाच्या वरच्या अंगाने होडीसारखं टोक का, तर पूर दुभंगून दोन्ही कमानींतून निघून जावा. दगडांवरचे बाण, चांदण्या, त्रिशूळ या पाथरवटांच्या खुणा, ज्याने जो दगड घडवला त्याची ओळख. एकदा मी सांध्यातला चुना काडीने उकरत होतो, तर तुम्ही माझा कान धरलात. “भरल्या नदीतून माणूस याच्या भरवशावर घरी जातो. तुझ्या गोठ्याची भिंत नाही ही.”

तरी मी तो दगड चिंचवडला आणला. आमच्या चाळीत कोणी सातारचं, कोणी मराठवाड्याचं, कोणी कोकणातलं. पहाटे कंपनीचा भोंगा झाला की निघायचं, आणि वाटेत हात जोडायला जागा नाही. मला वाटलं, देव आपणहून समोर आलाय. चाळीतले चाचा टेम्पो चालवतात. दगड चढवताना ते म्हणाले, “राव, लोक गावाकडून ज्वारी आणतात, तुम्ही दगड आणता. भाकरी कशाची थापणार?” मी हसून वेळ मारून नेली. कडुलिंबाखाली ओटा झाला, शेंदूर चढला, लोक भैरोबा म्हणू लागले. भैरोबाचा वार रविवार, पण कंपनीची सुट्टी गुरुवारी, म्हणून नारळ गुरुवारी फुटायचे. कोणाचं तापलेलं पोर, कोणाची मशीनवर गेलेली बोटं, सगळी गाऱ्हाणी त्याच्यापुढे. देव आणणारा म्हणून पहिला प्रसाद माझ्या हातावर पडायचा. तो मी वर्षानुवर्षं घेतला.

इकडे पुलाच्या त्या खाचेतून दर पावसाळ्यात पाणी आत शिरत होतं. आधी चुना गेला, मग खालचा दगड, मग त्याच्या शेजारचा. चाकणहून येणारी एसटी पलीकडच्या काठाला थांबते, त्यामुळे पूल टाळता येत नाही. मी खाली न बघता ओलांडायचो. यंदाच्या उन्हाळ्यात चुलतभावाने मला हाताला धरून खाली नेलं. “दादा, ह्यात आता शेरडू बसंल. पोरं शाळंला ह्याच्यावरनंच जात्यात. गवंडी म्हणतोय, टोकाचा दगड असता तर खांब सावरला असता. नवा घडवायला पाथरवट ऱ्हायलाय कुठं? समदे खडी फोडायला गेले.” मी म्हणालो, “गेला असंल वाहून.” त्याच वेळी पुलावरून पोरं शाळेला चालली होती. त्यांच्या पावलांचा आवाज खांबाशी उभं राहिल्यावर ऐकू येतो.

पुढच्या गुरुवारी आरती झाल्यावर मी सगळ्यांना थांबवलं. म्हणालो, देव माझ्या स्वप्नात आला होता, मला माझ्या नदीवर, पुलाच्या खांबातल्या माझ्या जागी ने म्हणाला. मग कोपऱ्यातल्या खोलीतल्या मावशी म्हणाल्या, “आमचं काय चुकलं का हो, भाऊ?” नातवाच्या दुखण्यात त्यांनी या ओट्यावर रात्री काढल्या होत्या. मी म्हणालो, “नाही मावशी. त्याला घरची ओढ लागलीय.” चाचा मागून म्हणाले, “मग न्यायला नको? टेम्पो उद्या मोकळाच आहे.”

शुक्रवारी नदीवर शेंदराची खपली मी माझ्या हाताने काढली. बोटं लाल झाली, आत त्रिशूळ जसाच्या तसा होता. उचलायला गाव आणि चाळ दोन्ही लागली. गवंड्याने पहार घालून दगड सरकवला, ओळंबा धरला, सांध्यात चुना भरला आणि म्हणाला, “जागंवर बसला.” मावशींनी खालूनच हळद-कुंकू टाकलं. मीही हात जोडले, सवयीने की श्रद्धेने ते सांगता येत नाही.

तुम्ही आता हयात नाही, हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून यावर खरं ते लिहितो. खांब आता पुराला उभा राहील, गुरुजी. स्वप्न मला पडलं नव्हतं.