राजवाड्यातला पाळणा

गोंदिया,
१९ जानेवारी २०२५

प्रिय बंधू दुर्गा,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहोत. यंदा धान चांगलं आलं, गिरणी दिवसरात्र चालून राहिली आहे. तुझी वहिनी गुडघ्यांच्या तक्रारी सांगते, मी ऐकतो. माझा फोन तू उचलत नाहीस, दुसऱ्याच्या फोनवरून लावला तर आवाज ऐकताच ठेवशील, म्हणून हे कागदावर. बाबांच्या तेरवीत आपण जे बोललो ते इथे काढत नाही.

मागच्या महिन्यात मायला घेऊन सहलीला गेलो होतो. वाटेत एक राजवाडा लागला, आता तिथे म्युझियम आहे. गळ्यात एक यंत्र अडकवून देतात. कानाला लावलं की ज्या दालनात जाल तिथली माहिती मराठीत ऐकू येते. पहिल्याच दालनात मी थबकलो. तू सगळे ण आणि ळ घासूनपुसून लख्ख केलेस रे, पण मशीनचा पट्टा सैल झालेला मी गिरणीबाहेरून कानाने ओळखतो, तुझा आवाज नाही ओळखणार? नाटकात होतास तेव्हा मी टिंगल करायचो. छान बोलतोस.

मायला सांगावं की नाही, या विचारात होतो, तोवर तिनेच ओळखलं. तिला वाटलं, फोनच आहे. तू म्हणालास, सावकाश पुढे या. तर ही म्हणते, "येऊन राहिली ना बाबू." लोक हसले, मीही हसलो. पुढच्या दालनात तू म्हणालास, हा चांदीचा पाळणा पाहा. माय तिथेच उभी राहिली.

"काऊन रे, पाळणा हलला अन् मले सांगतलं नाही? पोरगा का पोरगी?"

तू आपला राजाची वंशावळ सांगत राहिलास. तिने पुन्हा विचारलं, मोठ्याने. मग यंत्र माझ्या हातात दिलं. "मले नीट आयकू नाही येत. तू इचार."

मी यंत्र कानाला लावलं, थोडं ऐकल्यासारखं केलं आणि म्हणालो, "पोरगी झाली."

धंद्यात इतकी वर्षं काढली, पण इतक्या सहज कोणाला फसवलं नव्हतं.

तेव्हापासून माय जुन्या लुगड्यांची बाळगोधडी शिवून राहिली आहे. गल्लीभर सांगून झालं. बारशाला कधी नेतोस, रोज विचारते. थंडी कमी होऊ दे, म्हणतो. परवा खरं सांगायला तिच्याजवळ बसलो, तर तिने सुई पुढे केली, ओवून दे म्हणाली. मी ओवून दिली.

दुर्गा, तुझ्या घरी खरंच पाळणा आहे का, हलता हलता थांबला का, मला काही ठाऊक नाही. सख्ख्या भावाला हे ठाऊक नसावं, याचीच लाज वाटते. तुझ्या बायकोचं मन यात दुखलं तर माझ्या वतीने तिची माफी माग.

वहिनीच्या मोबाइलवर फोन कर. मला खोटा पाड, चालेल. पण माय विचारेल तेव्हा या वेळी थांब, आणि तिला उत्तर दे.

पोरगी असेल तर तिचा मोठा बाबा,
नसेल तर नुसता तुझा भाऊ,
हिरालाल