मावशींना कोल्हापूर दाखवलं तो दिवस

आत्याबाई, त्या दिवशी आधी मावशीच आल्या की नाही? तुमची धाकटी बहीण. त्यांचे यजमान मागं टांगेवाल्याशी हुज्जत घालत उभे आणि ह्या ट्रंक घेऊन थेट चुलीपाशी. गावाकडचं लग्न उरकून मुंबईला परत निघालेल्या, गाडी रात्रीची, सगळा दिवस मोकळा. "आक्का, आज मला कोल्हापूर दाखीव," म्हणाल्या. कैक वर्षांनी भेटत होता तुम्ही दोघी. पदरानं डोळे पुसलेत आणि लगेच मला ओरडलात, चहात साखर कमी म्हणून. साखर बरोबर होती, पण असू दे.

माझ्या लग्नाला पाच वर्षं झालेली आणि देऊळ सोडलं तर मी काही बघितलं नव्हतं. शेजारणी रंकाळ्याचं बोलायच्या तेव्हा मी मान डोलवायचे, जशी काही रोज तिथंच धुणं धुते. मामंजींना सून बाहेर फिरलेली खपायची नाही, आणि त्यांच्यापुढं तोंड उघडायची माझी काय बिशाद. तुम्ही सासू, तुमच्याजवळही कधी हे बोलले नव्हते मी.

तुम्ही ठेवणीतलं लुगडं नेसायला आत गेलात आणि बाहेर आलात ते जुन्यातच, गुडघा धरून. "माझा पाय उचलत न्हाय. हिला जाऊ दे पावण्यांसंगं."

"सुनंला गावभर हिंडवायची व्हय?" मामंजी म्हणाले.

"मग तुमी जावा की दाखवायला."

मामंजींनी पेपर तोंडापुढं धरला. उंबऱ्यात तुम्ही माझ्या कानाशी लागलात, "भेळ खावा. आन घाई करू नगंस."

रंकाळ्याचं पाणी बघून मी अशी थांबले, की मावशी म्हणाल्या, "अगं, तू दाखवायला आलीस का बघायला?" मी खरं ते सांगून टाकलं. हसल्या त्या, माझा हात धरला तो दिवसभर सोडलाच नाही. तिथल्या देवळातला नंदी रोज गव्हाएवढा पुढं सरकतो आणि तांदळाएवढा मागं, एवढंच मला ऐकून ठाऊक. तेवढं मी त्यांना सांगितलं. बाकी राजवाडा काय, बाजार काय, यजमान मागनं आणि आम्ही दोघी एकमेकींना विचारत हिंडलो. भेळ इतकी तिखट, की नाक वाहतंय आणि आम्ही खातोय. आता नाती मला गाडीत घालून तिथं नेतात, तरी पहिला घास मला तोच लागतो.

मग स्टेशन. मावशींची ट्रंक डोक्यावर घेऊन तुम्ही डबा शोधत पुढं, आम्ही सगळे मागं पळतोय. मामंजी म्हणाले, "गुडघा लई लवकर बरा झाला." तुम्ही आणखी भरभर पाय उचललात. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बहिणीबरोबरचा एवढा एक दिवस मिळाला होता तुम्हाला, तो तुम्ही मला देऊन टाकला होता.

मावशी खिडकीतनं म्हणाल्या, "दसऱ्याला येतो. तवा मातुर आक्का, तू आन मी."

"आन घर कोण बघंल?"

"मी बघतो की," मी म्हणाले. मामंजी शेजारीच उभे होते. त्यांच्यापुढं तो माझा पहिला शब्द.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, तुम्ही गेलात तिथं टपाल जात नाही; लिहून उशाखाली ठेवते. एक मात्र सांगते. त्या दिवसापासनं मी तुम्हाला भीत नव्हते. भ्याल्यासारखं करायचे, चारचौघांत तुम्हाला तेवढं बरं वाटायचं म्हणून. मावशींनी जाताना दिवस पक्का सांगितला होता: दसऱ्याच्या आदल्या दिवशी, सकाळच्या गाडीनं. तो दिवस तुम्हा दोघींचा, घर माझ्याकडं.