मागच्या माळावरचे दगड हलवू नयेत

मी, क्रांती यादवराव गमरे, वय चोपन्न, राहणार हॅम्बर्ग, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाखाली न येता (तो आणणं आजवर कोणाला जमलेलं नाही) हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. टाइप केलेलं जर्मनीत चालत नाही. अक्षर लावून वाचावं.

१. हॅम्बर्गचा फ्लॅट भाड्याचा आहे. त्यावरून भांडू नये.

२. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचं घर आणि मागचा माळ मला माझे दिवंगत पती फिनबार यांच्याकडून मिळाला. घर भाची धम्मदीपा हिला. माळ तिलाही नाही; तो तिथल्या गावच्या इतिहास मंडळाला.

३. कारण असं. बाप्तिस्म्याआधी गेलेल्या बाळांना पूर्वी चर्चच्या दफनभूमीत जागा नसे. बाप त्यांना गुपचूप या माळावर पुरत आणि खुणेला पांढरा दगड ठेवत. गावकुसाबाहेरची जागा म्हणजे काय, हे आम्हा गमऱ्यांना कोणी शिकवायला नको. तरी चूक आमच्याच घरून झाली. गेल्या उन्हाळ्यात धाकटा भाऊ उज्ज्वल जर्मनीतल्याच ब्योब्लिंगेनहून सहकुटुंब आला. मी दुकानात गेलेली असताना, कोंबडीचा रस्सा चुलीवरचाच हवा म्हणून त्याने माळावरचे तीन दगड आणून चूल मांडली. मी परतले तेव्हा शेजारच्या नोराबाई कुंपणाशी उभ्या होत्या. पातेलं उतरेपर्यंत थांबल्या. मग म्हणाल्या, “तुमचं जेवण झालं की तो डावीकडचा दगड द्या. माझा भाऊ आहे तो.”

कोणी जेवलं नाही. उज्ज्वलच्या मुलीने, मराठी प्रश्नाला जर्मन उत्तर देणाऱ्या धम्मदीपाने, त्या भावाचं नाव विचारलं. नाव ठेवलंच नव्हतं. दगड निवेपर्यंत ती नोराबाईंजवळ बसून राहिली. घर तिला का, ते एवढ्यासाठी.

४. उज्ज्वलची लाज ख्रिसमसपर्यंत टिकली. मग फोन आला, “ताई, दगड एका कोपऱ्यात नीट रचू, छान पाटी लावू, बाकी पार्किंग. घर सुट्टीवाल्यांना भाड्याने जाईल.” आल्झो (जर्मनमध्ये ‘तर मग’), नाही. एकही दगड हलणार नाही. घर उद्या विकलं गेलं तरी नाही. उज्ज्वलला माझा गॅसचा ग्रिल द्यावा.

५. माझी राख त्या माळावर नेऊ नये. हिचाही बाप्तिस्मा झाला नव्हता, तेव्हा हिचा तिथे हक्कच आहे, असं कोणीतरी गहिवरून म्हणेल. त्याला खाली बसवावं. मला हॅम्बर्गमध्ये अर्ज केला की जागा मिळते. त्या मुलांना त्या माळाएवढीच मिळाली होती.

साक्षीदार जर्मन कायद्याला लागत नाहीत. माझ्या भावाला लागतील.

साक्षीदार: अश्वजित तांबे, मैत्रेयी गोखले

सही: क्रांती यादवराव गमरे
हॅम्बर्ग, १७ फेब्रुवारी २०२५