कुटाराच्या गादीवरून

तीर्थस्वरूप मोठे बाबा यांच्या चरणी अकोल्याहून आकांक्षाचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच समजा. ऑपरेशन झाल्यापासून माझा गुडघा देवासमोरही पुरता वाकत नाही, तुमचा नंबर मागाहून.) मोठ्या आईची कंबर कशी हाये? तुमच्या खोकल्याचं विचारत नाही, कारण तुमी खोकत खोकतच सांगान की मले खोकला नाही. फोन काहून नाही केला म्हणान, तर फोनवर तुमी "हां, बरं हाये, जेवली का" एवढं बोलता अन् लगेच मोठ्या आईच्या हातात देता. हे पत्र तरी शेवटपर्यंत वाचा.

तर बातमी अशी की मी बांबू उडी सोडून राहिली. येत्या रविवारी अमरावतीले निवड चाचणी हाये. तिथं उडी लागली तर राष्ट्रीय स्पर्धा, नाही तर कायमचं घर. मी जातच नाही. डॉक्टर म्हणतात पुरे, ऑफिसवाले म्हणतात पुरे, एक आमच्या कोच संध्या मॅडम तेवढ्या तोंड फुगवून बसल्या हायेत. तिशी पार झाली, राष्ट्रीय पदकं झाली, परदेशात देशाचा ड्रेस घालून उडून झालं, पेपरात फोटो झाला. (फोटोत पाय वर अन् डोकं खाली होतं. मोठ्या आईनं पेपर उलटा धरून मले सरळ केलं, मग म्हणे आता ओळखू येते.) माणसाले आणखी काय पाह्यजे? मी खुशीत हाये.

पण सामान आवरता आवरता सारखा आपला संत्र्याचा बगीचा आठवते. बहार भरला, फांद्या वाकल्या, की तुमी एकेका फांदीले बांबूचा टेका लावायचे. मी शाळेतून आली की त्यातलाच एक टेका उपसायची अन् पाटात रोवून पल्याड. ज्या दिवशी ती फांदी कडाडली अन् सारी संत्री चिखलात गेली, त्या दिवशी तुमी समोरून येताना दिसले. मले वाटलं, आता हा टेका पाठीत बसते. तुमी मोडकी फांदी पाह्यली, मग पाटाची रुंदी पाह्यली, मग मले पाह्यलं, अन् म्हटलं, "लावलेला टेका उपसू नको. गुरांच्या कोठ्यातला घे. अन् विहिरीकडं जाऊ नको." बाप्पा! दुसऱ्याच्या घरी पोरीचे पाय बांधले असते. तुमी दुसऱ्या दिवशी दोन झाडांमधी दोर बांधला, त्यावर मोठ्या आईचं लुगडं टाकलं, अन् पल्याड तुरीच्या कुटाराचा, म्हणजे मळणीच्या भुशाचा, ढीग केला. नंतर मी लय गुबगुबीत गाद्यांवर पडली, पण माझी ती पहिली गादी बैलं खाऊन जायची अन् मी त्यांच्याशी भांडायची, असं सांगतलं तर इथल्या पोरी खोटं समजतात. (अंग किती खाजवायचं ते मी सांगतच नाही.)

अन् तो पहिला खरा पोल! अमरावतीहून तुमी टेम्पोत घालून आणला, पण घरी सरळ आणान तर तुमी कसले. नवं औत आणलं तरी पहिले त्याले कुंकू लागते, म्हणे, पोरीचा पोल तसाच कसा वापरायचा? म्हणून चांदूर बाजारची वाट सोडून उलटे कौंडण्यपूरले नेलं, तेही ऐन यात्रेत. पोल तुमच्या खांद्यावर, त्याले तुमचाच दुपट्टा गुंडाळलेला, मागून मी. लोकांले वाटलं कोण्या गावची मानाची काठी आली. गर्दी आपोआप बाजूले झाली. बायांनी हळदकुंकू वाह्यलं, एका म्हातारीनं नारळ बांधला, टाळवाले पुढं लागले. कोणी तरी हात जोडून विचारलं, काठी कुठची? तुमी हसल्याबिगर म्हटलं, "चांदूर बाजारची." रांग न लावता आपलं दर्शन झालं अन् वरून पंगतीत मानाचं ताट भेटलं. त्या पोलाचं कुंकू कधी पुरतं निघालंच नाही. पुढं स्पर्धेत पंचानं विचारलं हे लाल काय हाये, तर मी सांगतलं कंपनीचा मार्का हाये.

ते दिवस मले लय आठवतात, मोठे बाबा. तवा दोरापल्याड काय हाये एवढंच पाह्यचं असायचं. नंतर सेंटीमीटर आले. असो. आता माझे पोल गावाकडं येणाऱ्या अमोलदादाच्या गाडीत घालून देते, बहाराले टेके म्हणून लावा. फांदी तर फांदी, तुमचं अख्खं झाड तोलून धरतीन.

घरात मोठ्यांले नमस्कार, लेकरांले पापा, बैलांले जुनं भांडण विसरली म्हणून सांगा.

तुमची पुतणी,
आकांक्षा

ता. क. : इथवरचं मोठ्या आईले मोठ्यानं वाचून दाखवा. याच्या पुढचं नको.

पुन्हा ता. क. : डॉक्टर पुरे म्हणाले नाहीत. ते म्हणाले, गुडघा पक्का झाला, खुशाल उडी मार. ऑफिसनंही सुट्टी देली हाये. पुरे मीच म्हणून राहिली. रोज पोल घेऊन पळते, खड्ड्यात टेकवायची वेळ आली की हात सोडून देतात अन् मी गादीच्या बाजूनं निघून जाते. संध्या मॅडमले सांगते, वारा आडवा होता. मले भेव वाटते, मोठे बाबा. हे अजून कोणाले सांगतलं नाही.

आणखी एक : नाव मी दिलेलं हाये. रविवारी सकाळी अमरावतीच्या मैदानावर या. समजावू नका, धीर देऊ नका, नुसते गादीच्या पल्याड उभे राहा. तुमच्यासमोर पडायची मले लाज वाटत नाही. उडी लागली तर तिथंच तुमच्या पाया पडीन. नाही लागली तर काही विचारू नका, मले तुमच्यासंगं घरी घेऊन चला.