दहा वाजता निवळलेलं धुकं

स्वान्स आयलंड, गुरुवार सकाळ

प्रिय हेस्टर,

सोमवारी निघालो तेव्हा सगळं कसं आखीव होतं. आज तुझ्या गावाच्या धक्क्याला बोट लावायची, उद्या केस कापायचे, कोटाला इस्त्री करायची आणि शनिवारी तुझं लग्न. मंगळवारी वारा पडला. तीन तास शीड नुसतं लोंबत होतं आणि मी ओहोटीबरोबर मागे मागे सरकत होतो. मग म्हटलं, बाहेरचा सरळ मार्ग सोडू, बेटांच्या आडोशानं जाऊ. काल ईशान्येचा वारा थेट तोंडावर आला, तेव्हा तेही सोडलं आणि या खाडीत नांगर टाकला. आता हे धुकं.

काय धुकं आहे म्हणून सांगू. बोटीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, मीच गुंडाळून ठेवलेली दोरी मला दिसत नाही. ओल्या झाडांचा वास येतोय, झाडं मात्र कुठेच नाहीत. वाट दाखवायला पाण्यावर तरंगत ठेवलेल्या बोयाची घंटा कधी डावीकडून वाजते, कधी पाठीमागून. कॉफीचा मग घेऊन तासभर नुसता बसलो, तर वाटायला लागलं की तू सहा वर्षांची आहेस, खाली केबिनमध्ये गाढ झोपली आहेस, आणि तुझी आई ब्लूबेरी घालून पॅनकेक करता करता मला बजावतेय, आज कुठेही जायचं नाही हं, लोवेल. तिला असं अडकून पडायला फार आवडायचं. मलाही. मला जरा जास्तच.

मघाशी ऑरिन येऊन गेला. शेवंडं पकडतो इथे, दरवर्षी भेटतो. रडार बघत बघत बोट अगदी माझ्या बोटीला आणून टेकवली आणि म्हणतो कसा, "काय म्हातारबा, पोरीच्या लग्नाला पोहत जाणार का?" मी म्हटलं, काय करू बाबा, हवामान. तर म्हणे, "हे हवामान नेमकं तुलाच बरं गाठतं." थट्टाच करत होता बिचारा. मी मगातली उरलेली कॉफी पाण्यात ओतून दिली.

तुझी आई गेली त्या दिवशी तू हॉस्पिटलमधून फोन केलास, बाबा, लगेच निघ. मी म्हटलं, धुकं आहे. होतंही. पण दहा वाजता ते निवळलं, लख्ख ऊन पडलं, वाराही पाठीचा होता. आई चार वाजता गेली. मधले सहा तास मी नांगर टाकून बसलो होतो. तिला तसं बघायची माझी छाती झाली नाही. मी भ्यालो, हेस्टर. तीन वर्षं तू सगळ्यांना सांगत आलीस की बाबाला धुक्यानं अडवलं. मावशीनं तोंड वाकडं केलं तर तिच्याशी भांडलीस. मी शेजारी उभा राहून ऐकून घेतलं.

आजचं धुकं खरं आहे, आणि मी निघतोय. ऑरिन मला दुपारी त्याच्या रडारवाल्या बोटीनं पलीकडच्या किनाऱ्यावर नेतो म्हणालाय, तिथून त्याच्याच गाडीनं तुझ्या दारात. बोट राहील इथे. हे पत्र टपालात टाकणार नाही, तुझ्या हातात देईन, कारण तोंडानं मला हे सांगता यायचं नाही. परवा चर्चमध्ये तू माझा हात धरून चालणार आहेस. तो कुणाचा हात आहे, हे तुला आधी कळायला हवं. एकटीनं चालावंसं वाटलं तर खुशाल चाल. मी मागच्या बाकावर बसेन, पण येईन.

तुझाच,
बाबा