क्वेट्झल आणि तिखटमिठाच्या पुऱ्या

१२ जानेवारी २००८, शनिवार

बारा झाले!! म्हणजे अकरा आणि मी. कोस्टा रिका फायनल! मार्चमध्ये, स्प्रिंग ब्रेकला, आठ दिवस. रेनफॉरेस्ट, बोट, बीच, कॉफीचे मळे, आणि पाचव्या दिवशी पहाटे — क्वेट्झल.

बाराच्या खाली स्वतंत्र गाइड मिळत नाही, म्हणून ह्यूस्टनजवळच्या आमच्या शुगर लँडमधलं एकही मराठी घर मी सोडलं नाही. श्रीरंग काका आमच्या मंडळाचे प्रेसिडेंट. ते हो म्हणाले की बाकीचे आपोआप हो म्हणतात. माझं सगळं प्रेझेंटेशन शांतपणे ऐकून काका म्हणाले, "म्हणजे नारळ, केळी आणि समुद्र. अगं, हे सगळं गुहागरला माझ्या मामाकडे आहे."

"काका, गुहागरला क्वेट्झल नाहीये!"

"तो नसेल. पण मासे आहेत."

सुवर्णा काकूंचा एकच प्रश्न — हॉटेलच्या रूममध्ये कुकर लावला तर चालतं का?

१३ जानेवारी

सातवीत रद्दीवाल्याकडून एक इंग्लिश मासिक घेतलं होतं. त्यात त्या पक्ष्याचा, क्वेट्झलचा फोटो होता. हिरवागार, पोट लाल, आणि शेपूट — अंगापेक्षा लांब, रिबिनीसारखं! ते पान पुण्याच्या कपाटातून हॉस्टेलवर, तिथून ह्यूस्टनच्या माझ्या क्युबिकलमध्ये आलंय. चौदा वर्षं. आता फक्त आठ आठवडे.

२६ जानेवारी

सगळ्यांच्या पासपोर्टच्या कॉपीज मागवल्या. चेक करायला बसले तर आमच्या बारातल्या सुशांतचा व्हिसा स्टॅम्प एक्स्पायर्ड! फोन केला.

"अगं, पण माझं एक्स्टेंशन झालंय ना."

"सुशांत, एक्स्टेंशन म्हणजे इथे राहायची परवानगी. बाहेर जाऊन परत यायचं तर पासपोर्टमध्ये नवा शिक्का लागतो. बेसिक गोष्ट आहे यार!"

"मग मी...?"

"मग तू नाही."

थोडं जास्तच बोलले. पण कोणीतरी स्ट्रिक्ट राहायला पाहिजे ना. त्याच्या जागी चँडलरहून काकूंची बहीण येतेय, पद्मिनी मावशी. तिला पक्ष्यांची अ‍ॅलर्जी आहे म्हणे. असो. बारा!

१७ फेब्रुवारी

सगळ्यांना नियमांची ईमेल पाठवली. नियम नंबर चार, बोल्डमध्ये — *क्वेट्झलच्या पहाटे कोणीही बोलायचं नाही. कोणीही डबा उघडायचा नाही.* पक्षी येतो तो जंगली अ‍ॅव्होकाडोची फळं खायला. त्या झाडाखाली गप्प बसून वाट बघायची, बस.

काकूंचा रिप्लाय ऑल — "आणि भूक लागली तर?"

काकांचा रिप्लाय ऑल — "लागणारच."

पद्मिनी मावशीचा रिप्लाय ऑल — "तिखटमिठाच्या पुऱ्या मी करते. आठ दिवस टिकतात."

क्वेट्झलबद्दल एकानेही काही विचारलं नाही.

१ मार्च

काकांकडे मीटिंग. म्हणजे जेवण. काकांनी नवा कॅमेरा आणि ट्रायपॉड घेतलाय, "खास तुझ्या पक्ष्यासाठी गं." मग टायमर टेस्ट करायचा म्हणून आमचेच सतरा फोटो काढले. प्रत्येक वेळी बटण दाबून काका धावत येणार आणि पोहोचायच्या आत क्लिक! सतरापैकी नऊ फोटोंत नुसती काकांची पाठ.

५ मार्च, बुधवार

ट्रॅव्हल एजंटचा फोन. "अकरा कॉपीज मिळाल्या. बारावी?"

बारावी माझी. माझ्या लिस्टमध्ये माझ्या नावापुढे मीच ओके लिहिलं होतं. न बघता. माझाच पासपोर्ट, त्यात काय बघायचं!

लंचमध्ये ऑफिसच्या कॉपी मशीनवर पासपोर्ट उघडून ठेवला. कागद बाहेर आला. गरम होता.

सप्टेंबर २००७.

परत उघडून बघितला. तोच. माझं पण एक्स्टेंशन झालंय. माझा पण शिक्का जुना.

६ मार्च

कंपनीच्या लॉयरला फोन केला. फार गोड बोलते बाई. जायला काहीच प्रॉब्लेम नाही म्हणाली. परत यायचा प्रॉब्लेम आहे. इंडियात जाऊन नवा स्टॅम्प घ्यायचा, आणि अपॉइंटमेंट मे महिन्यात.

क्युबिकलमधलं पान काढून ड्रॉवरमध्ये ठेवलं. मग परत लावलं. त्याची काय चूक.

७ मार्च

सांगितलं. काकांनी माझा पासपोर्ट स्वतः उघडून बघितला. मग म्हणाले, "त्या गोष्टीतल्या दहा जणांसारखं झालं बघ तुझं. नदी ओलांडून प्रत्येक जण मोजतो, तर नऊच भरतात."

"म्हणजे?"

"स्वतःला मोजायचं राहतं गं."

काकूंनी जवळ घेतलं. "तुझ्याशिवाय आम्ही तरी कशाला जाऊ!" डोळ्यांत पाणी, खरंखुरं. पाच मिनिटांनी — "तेवढं त्या रोलांडोला ईमेल करून विचार हं, तिखट चालतं का त्याला." रोलांडो म्हणजे आमचा गाइड, बाराचे पैसे भरून झालेत म्हणून टिकलेला. त्यांचा गाइड.

माझी दुर्बीण आणि पक्ष्यांची लिस्ट काका-काकूंच्या वीरला दिली. चौदा वर्षांचा आहे, डोळे तरी चांगले असतील. "माझ्यासाठी बघ. प्रॉमिस?" फोटो चार वेळा दाखवला.

"ओके ताई. सो, बेसिकली अ पॅरट."

८ मार्च, शनिवार

एअरपोर्टला सोडून आले. सतरा बॅगा. एका बॅगेत कुकर.

संध्याकाळी सुशांतचा फोन. त्याला कळलं होतं. मी वाटच बघत होते, बोलू दे एकदाचं.

"बेसिक गोष्ट आहे यार," म्हणाला. मग, "उद्या काय करतेयस?"

९ मार्च

सुशांतबरोबर ब्रॅझोस बेंड पार्क. बगळे, मगरी. एक मगर दोन तास हलली नाही. आम्ही पण. सॉरी म्हटलं त्याला. "कशाबद्दल?" म्हणाला. नालायक.

१० मार्च

काकांचा फोन, तिथून! "अगं, इथे रंगवलेली बैलगाडी दाखवली. त्यावर अर्धा तास लेक्चर. मी म्हटलं रोलांडो, लहानपणी मी यातून शाळेत गेलोय. तर तोच माझी मुलाखत घेत बसला!"

१२ मार्च

आज ती पहाट. इथली घड्याळं रविवारी पुढे गेली, म्हणून कोस्टा रिका आता एक तास मागे, हे पण मी बघून ठेवलं होतं. साडेचारलाच जाग आली. ऑफिसात दिवसभर टेस्ट केसेस रन केल्या. सगळ्या पास. मेल्या.

संध्याकाळी काकूंचा फोन. "नाही गं बाई दिसला. थंडी काय, धुकं काय! तासभर अगदी तोंडाला कुलूप लावून बसलो, तुझी शप्पथ. मग म्हटलं, खाऊन तरी घेऊ."

"काकू! नियम चार!"

"अगं, बिचाऱ्या रोलांडोनेही चहा घेतला नव्हता. सात पुऱ्या खाल्ल्या त्याने!"

फोन ठेवला आणि रडले. पुऱ्यांमुळे नाही. म्हणजे, पुऱ्यांमुळेच.

१५ मार्च

आले सगळे. टॅन होऊन. वीरने लिस्ट परत दिली. एकच टिक, आणि तीही त्याने स्वतः शेवटी लिहिलेल्या पक्ष्यापुढे. चिकन.

"आय ट्राइड, ताई. इट वॉज रिअली फॉगी." दुर्बीण मात्र नीट पुसून दिली. चांगला आहे मुलगा.

काकांनी फोटोंची सीडी दिली. पाडव्याच्या कार्यक्रमात स्लाइडशो आहे आणि तो करणार कोण? मी! सोबत काकांची चिठ्ठी, कुठले फोटो डिलीट करायचे त्याची — "१४३ काढून टाक. टायमरवर काढला, सुवर्णाचे डोळे मिटलेत."

१८ मार्च

१४३ काढायला उघडला.

पहाट. धुकं विरळ झालंय. काका चक्क वेळेत पोहोचलेत. मध्ये काकू, डोळे मिटून, डबा पुढे केलेला. अकराच्या अकरा जणांची तोंडं कॅमेऱ्याकडे. रोलांडोच्या तोंडात पुरी.

त्याच्या डोक्यावर, मागच्या फांदीवर, हिरवा. पोट लाल. शेपूट थेट पद्मिनी मावशीच्या कानटोपीपर्यंत.

पूर्ण मावलंय फ्रेममध्ये. पूर्ण!