वाळूचा ढीग कुणी मोजला

अण्णा, तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली आणि मी अजून एका वाळूच्या ढिगावरून तुमच्यावर चिडलेली आहे. गावाबाहेर कॉम्प्युटर कंपन्यांच्या काचेच्या इमारती उठत होत्या, तुम्ही तिथे मुकादम. माझी शाळा त्याच्या कितीतरी आधी, चौथीतच सुटली होती, ती तुमच्या हाताखाली यायला. धाकटी बहीण शिकत राहिली. वाळूचा ढीग कधी सरळ नसतो, इकडे डोंगर, तिकडे उतार. तुम्ही त्यावर दोऱ्या ताणून चौकोन पाडायचात. मी प्रत्येक चौकोनात सळई खुपसायची, खाली जमीन लागली की बोटाने खूण धरायची आणि उंची सांगायची. सगळ्या उंच्यांची बेरीज, गुणिले एका चौकोनाची जागा. झाला ढीग मोजून. एकदा उरकायच्या नादात मी दरवेळी उंचाकडच्या कोपऱ्यातच सळई घातली आणि ढीग कागदावर भलताच फुगला. तुम्ही म्हणालात, "मधोमध घाल. घाई असेल तर घरी जा, भाकऱ्या थाप."

मी गेले नाही. दोऱ्या सोडल्या, निम्मे चौकोन करून पुन्हा ताणल्या आणि भर उन्हात सगळा ढीग परत मोजला. लहान चौकोनात वाळूला लबाडी करायला जागा कमी, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. नंतर वाळू मापाच्या लाकडी पेटीने मोजून उचलली, तर माझा आकडा जेमतेम अर्ध्या पेटीने चुकलेला. साहेबांनी विचारलं, "मुकादम, हे कुणी काढलं?" आणि तुम्ही म्हणालात, "धाकटीनं, साहेब. बारावीला आहे." मी समोर उभी. सळई माझ्या हातात.

ती पुढे तसल्याच काचेच्या इमारतीत नोकरीला लागली. येईल त्याला सांगते, अण्णांनी मला गणिताची गोडी लावली. वाळू कधी तिच्या चपलेला लागली नाही. माझा जळफळाट होतो, अजून होतो, लपवत नाही.

परवा माझी लेक ओट्यापाशी वही घेऊन रडकुंडीला आलेली. कर्वेनगरला इंजिनिअरिंगला आहे. वाकड्यातिकड्या पृष्ठभागाखाली किती जागा मावते ते काढायचं होतं. म्हणाली, "मावशीला फोन लावते." म्हटलं, "मावशीला राहू दे तिच्या कंपनीत." परातीत रवा ओतला, सुरीने चौकोन पाडले, उदबत्तीची काडी मधोमध खुपसली. मग चौकोन निम्मे केले. ती बघतच राहिली. "आई, पुस्तकात हेच आहे गं. या बेरजेला कुणा परदेशी माणसाचं नाव आहे." म्हटलं, बरंय, त्याचं तरी लागलं.

मग तिने विचारलं, "तुला हे कुणी शिकवलं?"

मी रवा डब्यात भरत होते. म्हणाले, "कुणी नाही. माझं मीच."

तुम्हाला लिहिलेला हा कागद टाकायला टपालपेटी नाही, रव्याच्या डब्याखाली राहील. दोऱ्या तुमच्या, मधोमध सळई घालणं तुमचं, लहान चौकोन तेवढे माझे. एवढं तिला सांगायचं आहे. चार दिवस झाले, अजून सांगितलेलं नाही.